ती दूध पिते

रविवार, रात्रीचे पावणेबारा

आत्ता घरी आलो. शर्टभर कापसाचे तंतू. व्यंक्याच्या वडिलांच्या कारखान्यातून आलं की असंच होतं, आई म्हणते दारातच झटकून ये.

अक्कलकोट रोडला त्यांचे माग रविवारी बंद असतात, म्हणून आमचा खेळ रविवारी. एरवी त्या खटखटाटात शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. टॉवेलच्या चार गाठी सरकवून त्यावर प्लाय टाकला की टेबल तयार. माझ्यासमोर टॉवेलच्याच खोक्याचा उभा पुठ्ठा, त्यामागे वही, नकाशे, फासे. डीएम, म्हणजे डंजन मास्टर, मी. म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्समधलं जग माझं, राक्षस माझे, पाऊसपाणी माझं. व्यंक्या, श्रुती आणि सलीम यांच्याकडे एकेक माणूस. व्यंक्याचा डोंगरातला रानटी योद्धा, बुद्धी ८, म्हणजे जरा मठ्ठच. श्रुतीची जादूगारीण. सलीमचा देवभक्त, जखमा भरणारा.

आज जे झालं ते लिहायला तीन आठवड्यांपूर्वीचं आधी लिहायला हवं.

त्या दिवशी मी ट्रोल नावाचा राक्षस आणला होता. ट्रोलची गंमत अशी की त्याला कापा, भोसका, त्याच्या जखमा आपोआप भरत येतात. पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या पुस्तकात त्याचे हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, ८४, आणि दर पाळीला १० परत मिळतात. आग किंवा ॲसिड लागलं तरच ते भरणं थांबतं. माझा बेत होता की दोनतीन पाळ्या यांनी घाम गाळायचा, जखम मिटताना बघून घाबरायचं, मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडेल. ट्रोल पुलाखालून बाहेर आला, मी अजून त्याच्या नाकाचं वर्णनच करत होतो, आणि व्यंक्या ओरडला, "कंदिलातलं तेल ओता बे, पेटवा त्याला!"

कुणी एक वारही केला नव्हता.

मी भडकलो. "तुझ्या माणसाची बुद्धी आठ आहे. त्याला कुठून माहीत?" तो म्हणाला, "मला माहीतय की." मी म्हटलं, यालाच मेटागेमिंग म्हणतात. खेळणाऱ्याला ठाऊक आहे पण त्याच्या कॅरेक्टरला ठाऊक असायचं कारण नाही, अशा माहितीवर चाल करायची. आवाज चढला माझा, उगाच. व्यंक्यानं चाल मागं घेतली आणि पुढचा तासभर नुसते फासे टाकले, बोलला काहीच नाही. ट्रोल मेला, पण कुणाला मजा आली नाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणीसुद्धा गप्पच खाल्ली आम्ही.

आता आजचं.

डोंगरातली एक खाणावळ. मालक गोड बोलणारा, आणि तोच चोरांना सामील. रात्री व्यंक्याचा माणूस एकटाच घोडा बघायला गोठ्यात गेला, मालकाला दुधात काहीतरी कालवताना बघितलं आणि पकडला गेला. हातपाय बांधून तळघरात, तोंडात बोळा. हे सगळं टेबलावर सगळ्यांसमोर. पूर्वी अशा वेळी मी एकाला उठवून बाहेर गेटपाशी न्यायचो आणि कानात सांगायचो. तेवढ्यात आत बाकीचे मोबाईल काढून बसत, परत आल्यावर हवाच गेलेली असायची. म्हणून हल्ली उघड्यावरच चालतं.

व्यंक्यानं काय करावं? समोरच्या गाठीतून एक टॉवेल ओढला आणि त्याचं टोक खरोखर तोंडात कोंबलं. "माझं तोंड बंदय," असं काहीतरी टॉवेलातून म्हणाला.

इकडे खोलीत श्रुतीची जादूगारीण. मालक पेला घेऊन आला. मी म्हटलं, "गरम दूध आहे, वर जायफळ. थकला असाल ताई, घ्या." श्रुतीनं माझ्याकडे बघितलं, मग व्यंक्याकडे. तो टॉवेलसकट मान जोरजोरात हलवत होता. तिच्याकडे शंभर सबबी होत्या. दूध आवडत नाही. उपास आहे. मालकाच्या मनात काय आहे ते ओळखायला फासा टाकते, हे तर नियमातच बसतं, मी नाही म्हणू शकलो नसतो. तिनं पेन्सिल खाली ठेवली. "तिला काय माहितीय? काहीच नाही. दिवसभर चालून आलीय बिचारी. ती दूध पिते."

विष पचतं का बघायला फासा. ४. बाई आडवी.

हिट पॉइंट शून्यावर आले की दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा, १० किंवा वर आलं तर यश, खाली आलं तर अपयश. तीन यशांच्या आधी तीन अपयशं झाली तर संपलं. पहिला ७. दुसरा ९. टॉवेल कधीच तोंडातून पडला होता. श्रुती हसत होती आणि तिचे हात थरथरत होते, दोन्ही एकाच वेळी.

तेवढ्यात सलीम म्हणाला, "मला तहान लागली. मी उठून पाणी प्यायला चाललोय. तिच्या खोलीवरून."

सलीमचा माणूस वरच्या मजल्यावर गाढ झोपला होता. त्याला तहान लागली ती फक्त सलीमला फासा दिसला म्हणून. शुद्ध मेटागेमिंग, ट्रोलपेक्षा निर्लज्ज. आणि मी काय केलं? "बरं," म्हटलं. दार उघडं दिसलं त्याला, आत गेला, मंत्र म्हटला, बाई उठून बसली. आम्ही इतके ओरडलो की वॉचमनमामा टॉर्च घेऊन आत आले.

स्कूटरवर येताना हेच डोक्यात. तीन आठवड्यांपूर्वी व्यंक्याला झापलं आणि आज सलीमला वाट करून दिली. फरक काय? कारण शोधायला गेलो तर जे हाती लागलं ते फारसं बरं नाही. ट्रोलच्या वेळी माझा बेत फसला होता. आज माझा बेत रंगला. नियम मी न्यायासाठी काढला नव्हता, रुसून काढला होता.

आणि मी तरी कुठं स्वच्छ आहे? संध्याकाळीच तिघांनी माझ्यासमोर ठरवलं होतं, काही झालं तर मागच्या खिडकीनं पळायचं. मी हळूच त्या खिडकीखाली कुत्रा बांधला. खाणावळवाल्यानं ते ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं मी. पुठ्ठ्यामागे बसलं की त्याला मेटागेमिंग म्हणत नाहीत, तयारी म्हणतात.

तसं बघितलं तर पहिल्याच दिवशी तीन अनोळखी माणसं एका चौकात भेटली आणि पाच मिनिटांत एकमेकांवर जीव टाकायला लागली. कशामुळे? तर खेळणारे मित्र आहेत म्हणून. तेवढं मेटागेमिंग काढून टाकलं तर खेळ सुरूच व्हायचा नाही. उलटं टोकही बघितलंय मी. आमच्या जुन्या ग्रुपातला एक जण सोबत्यांच्याच पिशव्या कापायचा आणि म्हणायचा, माझं कॅरेक्टर असंच वागेल. कॅरेक्टरशी अगदी इमानदार. महिन्याभरात ग्रुप मोडला.

अप्पा जागे होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांना ट्रोल कळत नाही, पण पत्त्यांतलं मेंढीकोट कळतं. म्हणाले, "कुठली मेंढी पडली, कुठली राहिली हे मोजणं ही हुशारी. भिडूला डोळा मारणं ही लबाडी." मी विचारलं, "मग व्यंक्यानं काय केलं? मोजलं की डोळा मारला?" अप्पा म्हणाले, "तुमच्यात आधी काय ठरलंवतं?" काहीच ठरलं नव्हतं. मग ते झोपायला गेले.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ काढला तेव्हा खोक्यात तीन बारक्या पुस्तिका होत्या, पहिल्या छपाईच्या प्रती १०००. तेव्हा ट्रोलचं गुपित राहत असेल. १९७९ मध्ये डीएमसाठी वेगळं पुस्तक आलं, त्यात गायगॅक्सनं बजावलंय की जो स्वतः डीएम नाही आणि तरी ज्याच्याजवळ हे पुस्तक सापडेल तो मानाच्या मरणालाही लायक नाही. थट्टेतच असेल, पण वाचताना मला माझाच आवाज ऐकू आला. आज मोबाईलवर ट्रोल टाकला की ८४ समोर. मी कुणाकुणाचं डोकं पुसत बसणार?

श्रुतीलाही सगळं माहीत होतं की. विष माहीत, मालक माहीत, आणि तिनं पेला उचलला. मी कितीही झापलं असतं तरी तो क्षण मला तिच्याकडून काढून घेता आला नसता.

बारा वाजून गेले. व्यंक्याचा मेसेज आलाय.

"हडळीचे पाय उलटे असतात हे तुला कुठल्या पुस्तकात कळलं बे?"

लगेच खाली दुसरा. "ट्रोलचं पण तेच."

म्हणजे तीन आठवडे मनात धरून बसला होता. मला हडळीचं आजीनं सांगितलं, तिला तिच्या आजीनं. दोघींपैकी कुणीच हडळ बघितली नव्हती. डोंगरात वाढलेल्या पोराला, बुद्धी ८ का असेना, पुलाखाली काय राहतं आणि ते कशाला भितं हे कुणीच सांगितलं नसेल?

कॅरेक्टरचे कागद माझ्याकडेच असतात. व्यंक्याचा काढला, मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहिलं, "आजी होती." त्याचा फोटो पाठवला आणि विचारलं, नाव काय तिचं?

टाइप करायलाय.