रोज एक ओळ धावदोरा

माझ्या कपाटात सध्या साडेतीन मीटरहून थोडं जास्त पांढरं सुती कापड गुंडाळून ठेवलंय. त्यावर निळ्या दोऱ्याच्या आडव्या ओळी, बाकी काही नाही. वर्षभराचं काम. पाहुण्यांना दाखवावं असं त्यात काहीच नाही, आणि तरी मी ते प्रत्येकाला दाखवते.

सुरुवात साशिकोच्या वर्गात झाली. साशिको म्हणजे 'बारीक टोचे', धावदोऱ्याचं जपानी भरतकाम. टोकियोत आम्ही राहतो त्या भागातल्या समाजकेंद्रात महिन्यातून दोनदा वर्ग असतो. पहिल्या दिवशी मी जरा तोऱ्यातच गेले. धावदोराच तर आहे! साताऱ्याकडच्या आमच्या घरात आत्या वाकळ शिवायची तेव्हा मी तिला सुया ओवून द्यायचे. पण इथे बाईंनी पहिल्या पाच मिनिटांत माझा हात थांबवला. सुई हलवायची नाही म्हणे. सुई तशीच धरायची आणि डाव्या हाताने कापड वरखाली करत तिच्यावर चुणीसारखं चढवायचं. तळहाताजवळ चामड्याचं अंगुस्तान, सुईचा मागचा भाग त्याला टेकवायचा. दोरा ओढून घेतला की चिमटीने कापड सुरुवातीपासून शेवटापर्यंत निपटायचं, म्हणजे चुण्या मोडतात आणि दोऱ्याला थोडी ढील मिळते. याला 'इतो-कोकी' म्हणतात.

बाई त्सुगारूच्या, म्हणजे पार उत्तरेच्या. तिकडच्या थंडीत कापूस पिकत नाही. 1724 मध्ये तिथल्या सरदारांनी शेतकऱ्यांना सुती कपडे घालायलाच बंदी केली. मग तागाच्या जाड्याभरड्या कापडातून वारा शिरू नये म्हणून बायकांनी त्याची भोकं सुती दोऱ्याने भरून काढली. कापड नको, दोरा चालेल! तीच 'कोगिन' नावाची भरतकामाची रीत. 1891 मध्ये तिकडच्या आओमोरीपर्यंत रेल्वे आली, तयार सुती कापड मिळू लागलं आणि बघता बघता कोगिन मागे पडलं. बाई हे सांगताना अजिबात हळव्या होत नाहीत. "गरम कपडा मिळाला की कोण रात्रभर टोचत बसेल?" असं सरळ म्हणतात.

रोजचं काम काय घ्यावं? लाटांच्या, तागाच्या पानांच्या नक्ष्या मला दोन आठवड्यांत कंटाळवाण्या झाल्या; रेषा आखण्यातच निम्मा वेळ जातो. शेवटी निप्पोरीच्या कापडबाजारातून 'साराशी' आणलं. साधारण 34 सेंटीमीटर पन्ह्याचं साधं सुती कापड. ठरवलं, रोज एक आडवी ओळ, दोन ओळींत एक सेंटीमीटर. दहा मिनिटांचं काम. जेवणानंतर, भांडी घासायच्या आधी. (नंतर ठेवलं असतं तर कधीच झालं नसतं.)

खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दोन ओळी घालायच्या नाहीत, जागा कोरी सोडायची, हा नियम मी तापातून उठल्यावर केला. त्या तापाच्या चार ओळी कोऱ्याच आहेत. एकूण 31 जागा रिकाम्या राहिल्या.

गंमत मात्र मला फार उशिरा दिसली. कापड जमिनीवर पसरलं तर त्याची कड सरळ नाही. मार्चअखेरीला नवऱ्याच्या आणि माझ्या, दोघांच्याही ऑफिसात वर्षाचा हिशेब बंद होत होता. तिथे पन्हा 34 चा 32 झालाय. दोरा ओढला गेलाय, निपटायचं राहिलंय. मेच्या सुट्ट्यांत पुन्हा रुंद. जुलैत एक भांडण झालं होतं, ते कशावरून हे आता आठवत नाही, पण कापडाला आठवतंय.

दिवाळीला घरी गेले तेव्हा गुंडाळी सोबत नेली. आत्याने चष्मा पुसून नीट पाहिली.

"वर्षभरात एवढंच व्हय?"

"अगं, रोज एकच ओळ."

"आमच्या वाकळीचे चार फेर एका बैठकीत व्हतात. आनि दोरा ढिला सोडलाय की. वडून घे."

मी तिला इतो-कोकी करून दाखवलं. तिने तीन ओळी घातल्या, तिच्या पद्धतीने, करकचून. त्या तशाच ठेवल्यात. तिथे कापडाला एकदम कंबर आल्यासारखी दिसते. जाताना तिने तिची एक वाकडी झालेली सुई मला दिली, कारण मी तिला 8 फेब्रुवारीची गोष्ट सांगितली होती.

त्या दिवशी आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिराच्या आवारात, आवाशिमा-दो या छोट्या देवळात 'हारी-कुयो' असतो. वर्षभर काम केलेल्या, मोडलेल्या, वाकलेल्या सुया आणून टोफूच्या मोठ्या वडीत टोचायच्या. आयुष्यभर कडक कापडातून गेल्या, आता तरी मऊ जागी विसावू देत, असा भाव. मी माझी टोक मोडलेली सुई टोचली आणि शेजारी आत्याची. शेजारच्या आजीबाईंनी कागदाच्या पुडीतून मोजून सात काढल्या.

रात्री व्हिडिओ कॉलवर आत्याला फोटो दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला.

"हे पनीर का?"

"तसंच काहीतरी. सोयाबीनचं."

"मग सुया काढून भाजी करत्यात व्हय?"

"नाही गं."

"आगं बया," आत्या म्हणाली, "एवढी मोठी वडी!"