कलिंगड आणि चार्ल्स ब्रॉन्सन

परवा दुपारी कलिंगड कापायला घेतलं. चांगलं पिकलेलं असलं की सुरी निम्म्यात पोचायच्या आधीच ते पुढे आपोआप तडकत जातं, तसं तडकलं आणि मी सवयीने म्हणालो, "ब्रॉन्सन!" बायकोने मोबाईलमधून मान वर काढली नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, दर उन्हाळ्यात हेच चालतं, तिने एकदा विचारलं होतं कोण हा, मी पाऊण तास सांगत बसलो, तेव्हापासून ती विचारत नाही.

तर मिस्टर मॅजेस्टिक. १९७४ चा पिक्चर. हॉलिवूडचा हिरो चार्ल्स ब्रॉन्सन त्यात कोलोरॅडोत कलिंगडाची शेती करतो, माल तोडणीला आलाय, आणि एक फुटकळ गुंड येऊन म्हणतो की मजूर मी आणलेलेच लावायचे. तिथून भांडण, मग जेल, मग एक बडा माफियावाला मागे लागतो, आणि एका सीनमध्ये त्याची माणसं तोडून ठेवलेल्या कलिंगडांच्या ढिगावर मशीनगन चालवतात. माणसं मेलेली शेकड्याने बघितलीयत पिक्चरमध्ये, त्याचं काही वाटत नाही, पण ती कलिंगडं फुटतात ना, लाल लाल सगळं उडतं, ते बघताना आजही पोटात कसंतरी होतं.

दादाच्या मते हा पिक्चर ब्रॉन्सनच्या पहिल्या दहातसुद्धा बसत नाही. दादा आणि मी या विषयावर गेली तीसेक वर्षं भांडतोय. दोघांचेही केस गेले, त्याची बायपास झाली, तरी रविवारी फोन आला की तब्येतीचं दोन मिनिटांत उरकून गाडी इकडे येते. दादाचा नंबर एक ठरलेला, वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट. त्यावर मी फार काही बोलू शकत नाही हे मलाही माहितीय. ते सुरुवातीचं स्टेशन, तिघं जण गाडीची वाट बघत बसलेत, पवनचक्की कुरकुरतेय, एकाच्या तोंडावर माशी, एकाच्या टोपीवर टपटप पाणी, कोणी काही बोलत नाही. गाडी येते, जाते, आणि रुळांच्या पलीकडे हा उभा, तोंडाशी माउथ ऑर्गन. आता तुम्ही म्हणाल शोलेतला जय. बरोबर आहे, आणि ठाकूरच्या घरचं हत्याकांडही तिथलंच, पण दादासमोर आधी शोलेचं नाव काढायचं नाही, त्याला तो अपमान वाटतो. या पिक्चरचा डायरेक्टर सर्जिओ लिओने, त्याला म्हणे आधीच्या अ फिस्टफुल ऑफ डॉलर्ससाठीच ब्रॉन्सन हवा होता, याने नाही म्हटलं आणि क्लिंट ईस्टवूडचं नशीब उघडलं. यावर दादा दरवेळी सुस्कारा टाकतो, जणू ते मानधन त्याच्याच खात्यात जमा व्हायचं होतं.

माझा नंबर एक हार्ड टाइम्स, १९७५ चा. मंदीचा काळ, ब्रॉन्सन मालगाडीतून उतरतो आणि न्यू ऑर्लिन्समध्ये पैसे लावून होणाऱ्या बिनहातमोज्यांच्या मारामाऱ्या करतो. शूटिंगच्या वेळी त्याची पन्नाशी उलटलेली. शर्ट काढतो तेव्हा बघून घ्या, माझी आत्ता तेवढी नाहीये तरी मी बनियनसुद्धा लाजत काढतो. त्याचा मॅनेजर जेम्स कोबर्न, तो अखंड बोलतो, आणि हा गप्प. शेवटी काम झालं की मांजराची सोय लावून निघून जातो. हे मांजर मला फार आवडतं. दादा म्हणतो मांजरामुळे कुठे पिक्चर नंबर एक होतो का. होतो!

खरं सांगायचं तर आम्हाला ब्रॉन्सन का आवडला याचं कारण अगदी साधं आहे आणि ते दोघंही मान्य करत नाही. आम्ही मराठी मिडियमची पोरं. इंग्रजी पाचवीपासून, ते पण धड्याखालच्या प्रश्नोत्तरांपुरतं. तेव्हा सबटायटल वगैरे भानगड नव्हती. रात्री कार्टून संपली की त्याच चॅनलवर टीएनटी लागायचं आणि जुने पिक्चर सुरू व्हायचे, आवाज एकवर ठेवून बघायचे कारण बाबा शेजारच्या खोलीत. बाकीचे हिरो काहीतरी पुटपुटायचे, विनोद करायचे, समोरची बाई हसायची आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो, काय म्हणाला रे? ब्रॉन्सनचं तसं नव्हतं. तो बोलायचाच नाही. डोळे बारीक करायचा, आपल्याला कळायचं. द मेकॅनिकमध्ये तर पहिली पंधरा मिनिटं कोणी एक शब्द बोलत नाही, हा समोरच्या बिल्डिंगमधून एका माणसावर नजर ठेवतो, त्याच्या घरात जाऊन कायकाय करून ठेवतो, आणि आम्हाला शंभर टक्के कळतंय! शाळेतल्या कुठल्याच इंग्रजीच्या तासाला एवढा कॉन्फिडन्स आला नाही.

पुढे कळलं की त्याच्या घरीही इंग्रजी नव्हतं. आईबाप लिथुआनियन, मूळ आडनाव बुचिन्स्की, पेन्सिल्व्हेनियातल्या कोळसाखाणीच्या गावात पंधरा भावंडांतला अकरावा. पोरवयातच खाणीत उतरला, एक टन कोळशाला एक डॉलर मिळायचा म्हणे. हे वाचल्यावर मी द ग्रेट एस्केप परत बघितला. त्यात तो कैद्यांसाठी भुयारं खणणारा डॅनी आहे, सगळ्यात पटाईत, आणि त्यालाच बंद जागेची भीती. एका रात्री तो भुयारात जायलाच तयार होत नाही. एरवी दगडासारखा चेहरा, तो तिथे लहान मुलासारखा होतो. ती नुसती अ‍ॅक्टिंग नसणार असं मला वाटतं. दादाला वाटत नाही. दादा म्हणतो त्यात हिरो स्टीव्ह मॅक्वीन, विषय संपला.

डेथ विशबद्दल, म्हणजे त्याच्या गुंडांना गोळ्या घालत सुटण्याच्या सिरीजबद्दल, मात्र आमचं एकमत आहे. पहिला ठीक, तोसुद्धा एकदाच. पुढचे चार काढायला नको होते, शेवटचा आला तेव्हा तो सत्तरीच्या पुढे होता. आमच्या एका काकांना ते पाचही आवडायचे, पण त्यांना नळाला पाणी आलं नाही तरी कोणाला तरी गोळ्या घालाव्याशा वाटायच्या.

कलिंगडावरून कुठे आलो. हां, मामा.

आमचा मामा करमाळ्याकडचा. उजनीचं पाणी उतरलं की तिकडे कलिंगडं लावतात, मामाही लावायचा. एप्रिलमध्ये टेम्पो भरून गुलटेकडीला मार्केट यार्डात यायचा, माल पहाटे उतरवायचा असायचा म्हणून रात्री आमच्याकडे मुक्काम. एकदा असाच आलेला, जेवण झालं, आणि केबलवाल्याच्या चॅनलवर मिस्टर मॅजेस्टिक लागला. तो केबलवाल्याचा स्वतःचा चॅनल आठवतो का, खाली लग्नाच्या हॉलच्या आणि सराफाच्या जाहिराती सरकायच्या आणि हिरोचे पाय कधी दिसायचे नाहीत? त्यावर. मामा इंग्रजी चौथीसुद्धा नाही. "लावा काय बी, डोळा लागंस्तवर बघतो," म्हणाला. मग स्क्रीनवर कलिंगडाचं शेत आलं आणि मामा उठून मांडी घालून बसला.

आधी त्याने रान बघितलं. मग माल बघितला. "गोटी बारीक हाय, पण कलर चांगलाय." मजुरांवरून भांडण झालं तेव्हा त्याला कोणी काही सांगावं लागलं नाही. "आरं रान त्याचं, माल त्याचा, रोजगारी कोण लावायचं ते सांगणारा ह्यो कोण टिक्कोजीराव?" ब्रॉन्सन जेलमध्ये गेला तर दादाला पुढच्या मारामारीची घाई आणि मामाला एकच काळजी, तोडणी कोण करणार. आणि गंमत म्हणजे पिक्चरमध्ये ब्रॉन्सनलाही तीच काळजी असते. समोर माफिया बसलाय, पोलीस बसलेत, आणि हा सगळ्यांना सांगतोय की माझा माल निघायचाय. मशीनगनचा सीन आला तेव्हा मामा "आय्यायायाय" असं काहीतरी म्हणाला आणि तोंडावर हात ठेवला. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं काय झालं.

पिक्चर संपल्यावर मामाने निकाल दिला. "ह्यो एकच खरा पिच्चर. बाकीचं नुसतं माणसं मारत्यात. ह्येला माल काढायचा हुता." आणि दोन तासांत उठायचं होतं म्हणून झोपला.

दादा त्यावर अजून हसतो, मामाच्या मताने कुठे लिस्ट करतात का म्हणून. मीही हसायचो. माझ्या लिस्टमध्ये मॅजेस्टिक तेव्हा सहावा होता, नंतर तिसरा झाला, सध्या दुसरा.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा मामाचं दोन एकर कलिंगड तोडणीला आलेलं. व्यापारी येईना, आठवडी बाजार बंद, टेम्पोवाला म्हणाला रस्त्यात अडवतात. आठ दिवस मामाने वाट बघितली आणि मग रानात शेळ्या सोडल्या. मी फोन केला. काय बोलावं सुचेना, म्हणून उगाच म्हणालो, "मामा, त्या पिक्चरसारखंच झालं की रे."

मामा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्येच्या कलिंगडास्नी गोळ्या घालाय तरी माणसं आली हुती लेका. माझ्याकडं तेवढं बी कोण आलं न्हाई."

आणि मग त्याने विचारलं, तुमच्याकडे भाजी मिळतीय का.