कॅन्ससचा वारा, उंच गवत आणि दोन ओव्हरस्टेबल डिस्क

कॅन्ससमधल्या एम्पोरियाच्या जोन्स पार्कमध्ये डिस्क गोल्फ (ताटलीसारखी डिस्क कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीत टाकण्याचा खेळ) खेळायला जाताना वारा गृहीतच धरावा लागतो. फ्लिंट हिल्सचा हा सगळा उघडा माळ. ताशी २० मैलांच्या वाऱ्याला तिथले लोक वारा म्हणतच नाहीत. त्यातून दोन्ही बाजूंना माजलेलं ब्लूस्टेम गवत, पावसाळी वर्षी छातीपर्यंत येणारं. मी कॅन्सस सिटीजवळ राहतो. तिथून हे गाव शंभरेक मैलांवर आहे, पण या खेळाचं वेड असलेला माणूस तिथे जातोच. व्यावसायिकांची जागतिक स्पर्धा २०१६ आणि २०२२ अशी दोनदा इथे झाली, आणि डायनॅमिक डिस्क्स ही कंपनीही याच गावची.

समोरून वारा असला की माझी नेहमीची ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, अर्ध्या वाटेत उजवीकडे कलंडायची आणि गवतात शिरायची. मग गवतातून बाहेर पडण्यासाठी आणखी एक फेक खर्च. यावर उपाय म्हणून चांगली ओव्हरस्टेबल, म्हणजे सहज उजवीकडे न कलंडणारी, ड्रायव्हर घ्यायचं ठरवलं. निवड करता करता ध्यानात आलं की वाऱ्यासाठी लागणारी डिस्क आणि झाडीतून सुटायला लागणारी डिस्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात मात्र दोन्ही एकाच रांगेत ठेवलेल्या असतात.

वारा नेमकं काय करतो, ते आधी समजून घेतलं. उजव्या हाताच्या बॅकहँडने, म्हणजे हात छातीवरून आडवा मागे नेऊन, फेकलेली डिस्क वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग जास्त असतो तेव्हा हवेचा उचलणारा जोर डिस्कच्या मध्याच्या थोडा मागे पडतो आणि तिचं नाक खाली दाबलं जाऊ लागतं. पण फिरता भोवरा ढकलला तर ढकलू त्या बाजूला न झुकता काटकोनात झुकतो, तशी डिस्क नाक खाली करण्याऐवजी उजवीकडे कलते. हा टर्न. वेग ओसरला की तो जोर पुढे सरकतो आणि डिस्क डावीकडे वळत खाली येते. हा फेड. समोरच्या वाऱ्यात डिस्कला भेटणारी हवा जास्त वेगाची असते, म्हणून टर्न वाढतो. पाठीमागून वारा असला तर उलट, तीच डिस्क लवकर डावीकडे पडते. जी जास्त वेगातही उजवीकडे कलायला तयार नसते आणि शेवटी जोरात डावीकडे जाते, ती ओव्हरस्टेबल.

पुढचं काम स्वतःचा हात मोजण्याचं. हे काम कुणी टाळू नये असं मला कळकळीने वाटतं, कारण बाकी सगळी निवड यावरच उभी राहते. शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर रेघ असते आणि दोन गोल-रेषांमध्ये बरोबर ३०० फूट. वारा पडलेल्या संध्याकाळी तिथे जाऊन फेकत राहिलो. माझा चांगला बॅकहँड ३०० फुटांच्या आसपास थांबतो. याचा अर्थ १२-१३ वेगाच्या (हा कंपनीने डिस्कला दिलेला आकडा), रुंद कडेच्या ड्रायव्हर माझ्यासाठी नाहीत. एन्फोर्सर ही १२ वेगाची डिस्क जोरकस हातातून वाऱ्याला सुंदर चिरत जाते. माझ्या हातून ती सुटल्यासुटल्या डावीकडे वळते. तिला लागणारा वेग मिळाला नाही की उरतो तो फक्त फेड. म्हणून ९ वेगाच्या वर जायचं नाही असं पक्कं केलं, आणि यादी एकदम आटोक्यात आली.

राहिल्या मुख्यतः दोन. इनोव्हा कंपनीची फायरबर्ड: वेग ९, ग्लाइड (तरंगणं) ३, टर्न ०, फेड ४. डायनॅमिक डिस्क्सची फेलन: ९, ३, ०.५, ४. फायरबर्ड वर्षानुवर्षं असंख्य खेळाडूंच्या पिशवीत आहे. २०१७ साली अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्या नेट सेक्स्टनच्या नावाच्या फायरबर्ड तर लोक जपून ठेवतात. पण हे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या अंदाजाने देते, आणि एकाच साच्यातल्या दोन डिस्कसुद्धा सारख्या उडत नाहीत. त्यामुळे दुकानात आकडे वाचण्यापेक्षा हाताने पाहणं जास्त उपयोगी पडलं. वरचा भाग सपाट आहे की फुगीर, हे अंगठा फिरवून कळतं. सपाट डिस्क कमी तरंगते आणि सहसा जास्त ओव्हरस्टेबल असते. दुसरी खूण म्हणजे कडेवरची जोडरेघ, जिथे साच्याचे दोन भाग मिळतात. डिस्क टेबलावर ठेवून ती रेघ किती उंचावर आहे ते पाहायचं. रेघ जितकी उंच, तितकी डिस्क हट्टी, म्हणजे ओव्हरस्टेबल. फायरबर्डच्या एका ढिगात मला याबाबतीत स्पष्ट फरक दिसला आणि दुकानदारानेही शांतपणे सगळ्या मांडून पाहू दिल्या.

वजनाचा प्रश्न लवकर सुटला. पीडीजीए या खेळाच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपर्यंत वजन चालतं, म्हणून २१.१ सेंटिमीटरच्या ड्रायव्हरवर १७५ ग्रॅम लिहिलेलं असतं. वाऱ्यात हलकी डिस्क लवकर भरकटते. मी १७३ ते १७५ मधल्याच घेतल्या.

मग मित्रांकडून उसन्या आणलेल्या आणि या नव्या, अशा सगळ्या घेऊन भर वाऱ्यात मैदान गाठलं. सर्वांत सपाट, सर्वांत हट्टी फायरबर्ड समोरच्या वाऱ्यात कलंडली नाही, हे खरं; पण पुढेही गेली नाही. उलट एका मित्राची दोन-तीन हंगाम वापरलेली, कडा थोड्या घासलेली, किंचित फुगीर फायरबर्ड त्याच वाऱ्यात सरळ चालली आणि अगदी शेवटी डावीकडे आली. समोरचा वारा स्वतःच फेड खातो, त्यामुळे तिथे टोकाची डिस्क नको. कलंडणार नाही इतपत हट्टी आणि तरी पुढे जाणारी हवी. आडव्या वाऱ्याचं गणित वेगळं. डावीकडे कललेल्या डिस्कची खालची बाजू उजवीकडे उघडी पडते, म्हणून उजवीकडून आलेला वारा तिला उचलून लांब डावीकडे नेतो. डावीकडून आलेला वारा तिला वरून दाबून खाली बसवतो. उजवीकडून वारा असेल तेव्हा मी आता ओव्हरस्टेबल डिस्कला हातच लावत नाही, तिथे मिडरेंज, म्हणजे मध्यम अंतराची डिस्क, जमिनीलगत फेकतो.

गवतात आणि झाडीत मात्र तीच सपाट, हट्टी फायरबर्ड सोनं ठरली. इथल्या माळावर वारा अडवायला लावलेल्या ऑसेज ऑरेंज झाडांच्या जुन्या रांगा आहेत, काटेरी आणि खाली लोंबणाऱ्या. डिस्क तिथे गेली की ती पडली ती जागा दाखवणाऱ्या मार्करच्या मागे २० बाय ३० सेंटिमीटरच्या जागेत पाय टेकायचा, आणि वाटेतली वाढलेली फांदी मोडायला परवानगी नाही. गुडघ्यावर बसून, हात अर्धाच मागे नेऊन, नुसत्या मनगटाच्या झटक्याने फोरहँड, म्हणजे हात छातीवरून न नेता उजव्या बाजूनेच फेक, मारावा लागतो. असा झटका स्वच्छ निघत नाही, डिस्क डगमगतच सुटते. नेहमीची ड्रायव्हर त्या डगमगण्याने कुठेही जाते. हट्टी डिस्क मात्र सावरून ठरलेल्या बाजूलाच वळते. फोरहँडला ती बाजू उजवी. फांद्यांच्या खालून सोडली, की बाहेर येऊन वळते आणि कडक जमिनीवर घसरत आणखी पुढे जाते. किती घसरेल हे उन्हाळ्यात वेगळं, पावसानंतर वेगळं, तेवढं सरावानेच कळतं.

गवतातल्या डिस्कचं प्लॅस्टिक पकड देणारं हवं. चकचकीत पारदर्शक प्लॅस्टिक टिकाऊ खरं, पण जानेवारीच्या थंडीत कडक आणि निसरडं होतं, आणि अवघडून फेकताना बोटांना भरवसा लागतो. म्हणून त्या कामासाठी जरा मऊ मिश्रणातली फेलनही ठेवली. रंगाचाही विचार करा. शरद ऋतूत ब्लूस्टेम तांबूस होतं, त्यात लाल-केशरी डिस्क दिसेनाशी होते. शोधायला मिळतात तीन मिनिटं. नाही सापडली तर दंडाची एक फेक आणि पुन्हा आधीच्या जागेवरून. माझ्या दोन्ही डिस्क झगझगीत निळ्या आहेत. आणि गवतात शिरताना लांब पँट घालाच, चिगर (चावणारे बारीक किडे) आणि गोचिडी तिथे ऑक्टोबरपर्यंत असतात.

नव्याने घेणाऱ्याला मी एकच फायरबर्ड किंवा फेलन घ्यायला सांगेन, सपाट आणि नवी. पहिला हंगाम ती गवतासाठी वापरायची. झाडांवर आपटून, दगडांवर घासून तिचा हट्ट हळूहळू कमी होतो, तेव्हा ती समोरच्या वाऱ्यासाठी तयार झालेली असते आणि गवतासाठी दुसरी नवी आणायची.