दार वर का उघडतं

दापोलीच्या बाजारात एका सलूनमध्ये लॅम्बोर्गिनी कुंताश या इटालियन गाडीचं पोस्टर होतं. नंबर लागेपर्यंत आम्ही पोरं तिचं वर उघडणारं दार बघत बसायचो. सगळ्यांना तो श्रीमंती थाट वाटायचा, पण कारण अडचणीचं होतं. मार्चेल्लो गांदिनीने १९७१ साली आखलेली ही गाडी इतकी रुंद, की चिंचोळ्या जागेत नेहमीचं दार उघडायची पंचाईत. मागचं तर जवळपास काहीच दिसायचं नाही. मग रिव्हर्स घेताना ड्रायव्हर दार वर करायचा, दाराच्या उंबऱ्यावर बसायचा आणि मान मागे वळवून गाडी मागे घ्यायचा.

आंजर्ल्याच्या रस्त्याला समोरून डंपर आला की आमची एसटीही मागे घ्यावी लागते. पण तिथे कंडक्टर उतरतो, शिट्टी मारतो, "येऊ दे, येऊ दे" करतो. त्या बिचाऱ्या इटालियन गाडीत दोनच सीटा!

२०२१ मध्ये कंपनीने तिचा नवा अवतार काढला. साडेसहा लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, जोडीला विजेची मोटर, मिळून आठशेच्या वर हॉर्सपॉवर, शून्यातून शंभरचा वेग २.८ सेकंदांत. फक्त ११२ गाड्या केल्या. दार अर्थातच वर उघडणारं. आतला सांगाडा मात्र कंपनीच्या त्या वेळच्या गाड्यांचाच. आपला या गाडीशी काही संबंध नाही, असं गांदिनीने जाहीर सांगून टाकलं. मला त्याचं पटतं.

आमच्याकडे हल्ली जुनं घर पाडून स्लॅब टाकतात आणि वर पुन्हा मंगलोरी कौलं बसवतात. पाऊस अडवायचं काम स्लॅब करतो, कौलं फोटोपुरती. तरी लांबून बघताना बरं वाटतं, हे कबूल करायला हवं. नव्या कुंताशकडे बघूनही वाटतं. तिच्यात घाम फुटत नसणार, क्लच दाबून पिंढरी भरून येत नसणार. क्लचचं पेडलच नाही.

मला कुणी किल्ली देणार नाही, त्यामुळे निवडायला काय जातंय? मी जुनी घेईन. आमच्या आळीत शिरताना पहिल्याच गतिरोधकाला ती पोट घासून अडेल, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वळवायला जागा नाही. मग दार वर करून उंबऱ्यावर बसायचं, आणि आळीतली सगळी पोरं कंडक्टर व्हायला तयारच असतील.