कॉन्स्टंटाइनच्या वयाचा दाखला

रोमन नाणी म्हटलं की लोकांना सोनंच आठवतं. पण चौथ्या शतकात काशाची लहान नाणी इतकी पाडली गेली, की आजही बरं नाणं पंधरा-वीस पौंडांत मिळतं. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. ओळखायला शिकलो ते घरबसल्या. मागच्या बाजूला तळाशी टांकसाळीची अक्षरं असतात: 'टी आर' म्हणजे ट्रिअर (आजच्या जर्मनीत), 'एस आय एस' म्हणजे सिस्किया (आजच्या क्रोएशियात), 'पी एल ओ एन' म्हणजे चक्क लंडन. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा 'ओक्री' हा रोमन नाण्यांचा ऑनलाइन कॅटलॉग फुकट आहे, त्यात सगळं सापडतं. टपालखर्च वाचावा म्हणून एका जर्मन विक्रेत्याकडून आठ नाणी एकदम मागवली.

अडकलं ते कुरियर कंपनीच्या कस्टम्स विभागात.

शंभर वर्षांहून जुन्या, संग्रहासाठीच्या नाण्यांवर ब्रिटनमध्ये आयातीचा व्हॅट प्रत्यक्षात ५ टक्केच पडतो. कस्टम्सच्या मालाच्या यादीत त्यांचं शीर्षक ९७०५. कंपनीने माझी नाणी ७११८ खाली, म्हणजे साध्या नाण्यांत टाकली आणि २० टक्के लावले. टपालखर्च धरून १६० पौंडांवर ८ ऐवजी ३२! शिवाय हाताळणी शुल्क. भरल्याशिवाय पार्सल सोडेनात, म्हणून भरले आणि परताव्याच्या मागे लागलो.

"नाणी शंभर वर्षांहून जुनी आहेत याला पुरावा काय?" फोनवरच्या बाई.

"त्यांच्यावर रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचं नाव आहे. तो ३३७ मध्ये वारला."

"नाण्यावर साल छापलंय का?"

या नाण्यांवर साल नसतं हो! मग बिल पाठवलं. बिलावर नुसतं 'ब्राँझ नाणी, ८ नग', म्हणून परत आलं. विक्रेता भला माणूस. त्याने नवं बिल करून दिलं, प्रत्येक नाण्यापुढे सम्राट, कालखंड आणि आरआयसी (रोमन नाण्यांचा प्रमाण सूचीग्रंथ) क्रमांक. 'ग्लोरिया एक्झर्किटुस, दोन सैनिक, दोन ध्वज, ३३०–३३५', असं सगळं. तेही अडलं, कारण फॉर्मवरचा पार्सल नंबर त्यांच्याच डिक्लरेशनशी जुळेना. दर वेळी फोनवर नवा माणूस, आणि दर वेळी आपण रामायण पहिल्यापासून सांगायचं. नंबरांचा घोळ त्यांचा, हे त्यांच्याकडून लेखी घेतलं तेव्हा कुठे फाईल हलली.

तेव्हा पैसे देण्याआधीच विक्रेत्याला सांगा: पार्सलवर ९७०५ लिही, 'संग्राह्य नाणी, शंभर वर्षांहून जुनी' असं लिही, आणि बिलावर प्रत्येक नाण्याचा काळ टाक. पार्सल फाडण्याआधी त्यावरच्या लेबलाचा फोटो काढून ठेवा. मला तोच उपयोगी पडला.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं. आपल्याकडे तांब्याचं भांडं दिसलं की हात चिंचेकडे जातो, नाहीतर पितांबरीकडे. इथे ते अजिबात नको. वरचा हिरवा-तपकिरी थर हीच नाण्याची शोभा. तो गेला की किंमतही गेली. माती डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून, लाकडी टूथपिकने हळूहळू काढायची. फिकट हिरवी भुकटी सुटताना दिसली, तर ते नाणं बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा. तो काशाचा रोग, म्हणजे नाणं खात जाणारा गंज.

व्हॅटचे २४ पौंड शेवटी आले. हाताळणी शुल्क मात्र परत मिळत नाही म्हणे. चूक त्यांची असली तरी.