तारेचा झोळ

शनिवारी सकाळी सातला रामटेकची बस निघणार होती आणि शुक्रवारी दुपारी बारा वाजता माझ्या टेबलावर रामटेकची टेकडी मधोमध खचलेली होती.

मी नागपुरात दृष्टिहीन मुलांच्या शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवते. सहल कुठलीही असो, निघण्याआधी त्या जागेचं मॉडेल एकदा मुलांच्या हाताखालून जायला हवं, हा माझा हट्ट. डोळस मुलांना बसच्या खिडकीतून लांबूनच डोंगर दिसतो, चढायला लागण्याआधी त्याचा अख्खा आकार डोक्यात बसलेला असतो. आमच्या मुलांना तो एकेका पायरीने कळतो, आणि सगळ्या पायऱ्या चढून झाल्या तरी त्यांची मिळून टेकडी होईलच असं नाही. त्यातून रामटेकची टेकडी घोड्याच्या नालेसारखी वळलेली. नालेच्या कुशीत अंबाळा तलाव, वर गडमंदिर. हा आकार मी वर्गात बोलून सांगायचा प्रयत्न केला आहे. नाही सांगता येत. हाताला मात्र अर्ध्या मिनिटात कळतो.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 च्या नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, 20 मीटरच्या अंतराने असतात. तो नकाशा दहापट मोठा केला की प्रमाण 1:5,000 होतं आणि 20 मीटरची उंची 4 मिलिमीटरची होते. चार मिलिमीटरने टेकडी हाताला फारच सपाट लागेल म्हणून उंची तिप्पट धरली. म्हणजे एकेक थर 12 मिलिमीटरचा. प्रत्येक समोच्च रेषेचा थर्माकोलचा एक थर कापायचा, एकावर एक चिकटवायचे, कडा तशाच पायऱ्यांसारख्या ठेवायच्या. त्या घासून गुळगुळीत करायच्या नाहीत, कारण मुलं थर मोजतात.

थर्माकोल विकत आणायचा नाही हे आधीच ठरवलं होतं. महाराष्ट्रात 2018 मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर आणि ताटवाट्यांवर बंदी आली, ती मला मनापासून पटलेली आहे. पण फ्रिज आणि टीव्हीच्या खोक्यांतून निघणारे ठोकळे कचऱ्यात जातच असतात. पालकांना सांगितलं आणि आठवडाभरात प्रयोगशाळेचा एक कोपरा ठोकळ्यांनी भरला. अडचण एवढीच की ते वेडेवाकडे आणि जाड. त्यांचे 12 मिलिमीटरचे सपाट पापुद्रे काढायचे कसे? ब्लेडने कापलं की दाणे सुटतात, कड खडबडीत होते आणि बोटाला ती कड टेकडीची वाटत नाही, तुटलेल्या वस्तूची वाटते. तापलेली तार हाच उपाय होता. थर्माकोलात 98 टक्के हवा असते, उरलेलं पॉलिस्टायरीन 100 अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं. तार नीट तापलेली असेल तर ती थर्माकोलाला जेमतेम टेकते. पुढचा भाग तिच्या आचेनेच बाजूला सरतो आणि मागे रेशमासारखी कड राहते, तिच्यावर केसाहून बारीक धागे. ते धागे दिसले की समजावं, आच बरोबर आहे.

तयार कटर महाग होता, म्हणून स्वतःच करायला घेतला. हीटरची 26 नंबरची नायक्रोम तार, 50 सेंटिमीटर. मल्टिमीटरवर तिचा रोध 3.3 ओहम. शाळेच्या भंगारातल्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय होता. त्याची हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो, पिवळ्या वायरीवर 12 व्होल्ट मिळतात आणि लालवर 5. त्याची पेटी मात्र उघडायची नाही. आतले कपॅसिटर स्विच बंद केल्यावरही भरलेले असू शकतात, आणि आपलं सगळं काम बाहेर आलेल्या वायरींवर होतं. आणि घरच्या 230 व्होल्टला दिव्याचा डिमर लावून सरळ तार तापवायची, हा प्रकार कोणी कितीही छातीठोकपणे सांगितला तरी करू नये. उघड्या तारेत मेनचा करंट असतो, हात लागला तर माणूस जातो.

थेट 12 व्होल्ट दिले तर साडेतीन अँपिअरच्या वर करंट जातो, एवढी आच नको. मला हवी होती साधारण 2 अँपिअरएवढी आच. म्हणून मॉसफेट, म्हणजे एक इलेक्ट्रॉनिक स्विच, वापरून करंट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा आणि चालू राहण्याचा वेळ तिसऱ्या हिश्श्याच्या जरा खाली ठेवायचा. मी आधी हे आर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर, केलं आणि तिथेच गुरुवार वाया गेला. आर्डुइनो मॉसफेटच्या गेटला, म्हणजे तो उघडणाऱ्या पायाला, 5 व्होल्ट देतो, माझ्याकडचा आयआरएफझेड 44 तेवढ्याने अर्धवटच उघडतो. तार राहिली कोमट, मॉसफेट तापून मेला.

नवा आणायला बर्डीला जायचं, तर हिवाळी अधिवेशन सुरू होतं. मोर्चे निघालेले, रस्ते अडवलेले, ऑटोवाले तिकडे यायलाच तयार नाहीत. मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजला उतरले आणि गर्दीतून वाट काढत दुकान गाठलं. दुकानदाराने माझी आकृती पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, एवढ्याशा कामाले आर्डुइनो काऊन लावता? 555 लावा, त्याले बाराच व्होल्ट द्या, गेटले भरपूर होतात." त्याचं बरोबर होतं. 555 ची टायमर चिप, आच कमी-जास्त करायला एक फिरवायचा पॉट, दोन डायोड, नवा मॉसफेट. रात्री नऊला सर्किट चालू झालं. तार मी आधी डाग देऊन (सोल्डर करून) जोडली होती, ती तापताक्षणी निखळली. नायक्रोमला डाग नीट धरत नाही, आणि धरला तरी तारेच्या आचेने वितळतोच. मग पितळी स्क्रूच्या कनेक्टर पट्टीत आवळली.

शुक्रवारी सकाळी मुलं वर्गात असताना, खिडक्या उघड्या टाकून, मास्क लावून मी थर कापले. टेबलावर दोन बाजूंना 12 मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्या, त्यांवर तार आडवी, ठोकळा हळूहळू तिच्यातून सरकवायचा. पहिल्यांदा तापवली तेव्हा तार सरळ खाली लोंबली आणि सनमायकावर तिचा तपकिरी डाग पडला. तो डाग अजून आहे. मी तार तापलेली असतानाच स्क्रू फिरवून आवळली, ती सरळ दिसली आणि मी कामाला लागले. एकामागून एक पापुद्रे निघाले. इतके सुंदर की शिपाईमामा दारात उभे राहून बघत होते.

मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी आली. माझी मॉडेलं ती नेहमी आधी तपासते. रेषांवरून अजून काहीच कापलं नव्हतं, पाच पापुद्रे नुसते एकावर एक ठेवले होते. तिने दोन्ही तळवे कडांवरून मधे आणले आणि थांबली.

"मॅडम, ही मधे खचून राहिली."

मी वाकून पाहिलं, मला काही दिसलं नाही. पट्टी उभी करून ठेवली तेव्हा पट्टीखालून उजेड आला. एकेक पापुद्रा व्हर्निअरने मोजला. कडेला 12, मधे 9. पाच थरांत मिळून दीड सेंटिमीटरचा खड्डा. मी डोळ्यांनी तपासत होते, ती बोटांनी. ब्रेलचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर उंच असतो आणि ही मुलगी रोज तासन् तास ते वाचते. तीन मिलिमीटर म्हणजे तिच्यासाठी खड्डाच.

कारण शोधायला कागद घेऊन बसले. अडीचशे अंशांनी तापल्यावर अर्धा मीटर नायक्रोम जेमतेम पावणेदोन मिलिमीटर वाढते. एवढ्याने काय होणार, असं मलाही वाटलं असतं. पण दोन्ही टोकं पक्की असली की वाढलेली लांबी बाजूला कुठे जाणार? ती झोळ होऊन खाली येते, आणि झोळ वाढीच्या कितीतरी पट असतो. गणित केलं तर पावणेदोन मिलिमीटरच्या वाढीला झोळ निघाला 18 मिलिमीटर! तो सनमायकावरचा डाग त्याचाच. मग उलट गणित केलं: 3 मिलिमीटरच्या झोळाला किती वाढ पुरते? एका मिलिमीटरचा विसावा भागसुद्धा नाही. म्हणजे स्क्रू कितीही बेतून आवळा, ठोकळा आत शिरताना तारेची आच जरा बदलली की झोळ पुन्हा हजर. आवळून हे सुटणारच नव्हतं. ताण असा हवा होता, जो तार वाढली तरी तेवढाच राहील.

मला स्प्रिंग सुचली, पण घरात-शाळेत मिळाल्या त्या सगळ्या एकतर फार कडक, नाहीतर पेनातल्या. खिडकीची झडप बसवायला आमचे सुतारकाका आले होते. त्यांना सांगितलं. त्यांनी तार पाहिली, बोटाने एकदा छेडली आणि पिशवीतून ओळंबा काढला.

"हा टांगा. तार कितीबी वाढू द्या, वजन खाली येईल आन् तार ताठच."

एक टोक कनेक्टर पट्टीत पक्कं. दुसरं टोक टेबलाच्या कडेला ठोकलेल्या, जुन्या ड्रॉवरच्या चाकीवरून खाली आणि त्याला अर्धा किलोचा ओळंबा. करंट चाकीच्या अलीकडे मगरचिमट्याने दिला, म्हणजे चाकीवरची तार गारच राहते. पॉट फिरवला तसा ओळंबा केसभर खाली सरकला. तेवढंच. तार जागची हलली नाही. पाऊण ग्रॅमच्या आसपास वजनाची ती तार अर्ध्या किलोने ओढलेली, तिचा स्वतःचा झोळ मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाही उरत नाही. बांधकामावरच्या भिंतीचं ओळंब तपासणारं ते लोखंड माझ्या टेबलाखाली स्थिर लटकत होतं आणि मला ते पाहून खरंच भरून आलं. मी भौतिकशास्त्र शिकवते. हे मला सुचायला हवं होतं, आणि सुचलं काकांना.

सगळे पापुद्रे पुन्हा काढले. या वेळी कडेला 12, मधे 12.

आता समोच्च रेषांवरून कापायचं होतं. त्यासाठी तार उभी हवी, टेबलाच्या भोकातून वर, 20 सेंटिमीटर. घाईत मी तीच जोडणी ठेवली आणि पॉटही तसाच. चालू करताच तार लालभडक झाली आणि तुटली. तार आखूड झाली म्हणजे काम कमी, आच कमी, असं मन म्हणतं. पण व्होल्ट तेवढेच ठेवून लांबी कमी केली की रोध कमी होतो, करंट वाढतो आणि आखूड तार उलट जास्त तापते. नव्या तारेला पिवळी वायर काढून लाल लावली, 5 व्होल्टची. टायमरला 12 च ठेवले. पॉट जवळपास त्याच जागी, आणि करंट पुन्हा 2 अँपिअरवर.

एक गोष्ट मात्र कोणी हे करणार असेल तर आधी वाचावी. शाळेत सनबोर्डाचे तुकडेही पडलेले असतात, पांढरे, हलके, दिसायला भाऊबंदच. ते पीव्हीसीचे असतात. तापलेल्या तारेवर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. गादीतला पिवळा पीयू फोम त्याहून वाईट, त्यातून सायनाईडचा वायूही निघू शकतो. मदतीला आलेल्या नव्या सरांनी सनबोर्ड तारेजवळ नेला तेव्हा मी ओरडलेच. नंतर माफी मागितली, पण ओरडल्याचं वाईट वाटलं नाही. ओळख पटत नसेल तर तांब्याची तार तापवून त्या तुकड्याला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली की त्यात क्लोरिन आहे, तो तुकडा बाजूला. हे सुद्धा मोकळ्या हवेत आणि अगदी चिमूटभरच.

संध्याकाळी सहाला शेवटचा थर फेविकॉलने बसला. अंबाळा तलावाच्या जागी जुन्या एक्स-रेचा गुळगुळीत तुकडा, तलावापासून वर जाणाऱ्या पायऱ्यांच्या जागी सुतळी, गडमंदिराला पितळी बटण. वसतिगृहातली मुलं जेवणाआधी आली. एकेकाचा हात सुतळीवरून वर गेला, बटणापाशी थांबला, मग उजव्या-डाव्या सोंडेवरून उतरून तळ्यात आला. त्या मुलीने शेवटी हात लावला. मधे, जिथे दुपारी खड्डा होता तिथे, दोनदा तळवा फिरवला आणि काही न बोलता पुढच्याला जागा दिली.

दुसऱ्या दिवशी अंबाळ्याकडून पायऱ्या चढलो. ती माझा दंड धरून होती, वाटेत थांबून थांबून विचार करत. गडावर पोचल्यावर वारा लागला तशी म्हणाली, "मॅडम, टेकडी एवढी उभी नाही. तुमच्या मॉडेलात लय उभी हाय."

मी उंची तिप्पट धरली आहे, हे मी मुलांना सांगितलंच नव्हतं. नकाशे करणारे असं करतात, हाताला कळावं म्हणून करावं लागतं, हे सगळं मी तिला तिथेच कठड्यापाशी बसून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "खरी असते तेवढीच करता येईल का?"

खरी म्हणजे 4 मिलिमीटरचा थर. तारेखाली 4 मिलिमीटरच्या पट्ट्या, ठोकळा आणखी सावकाश, आच जरा कमी, कारण इतका पातळ पापुद्रा आचेने मुरगळतो. काकांना ओळंबा अजून आठवडाभर राहू द्या म्हणून सांगितलं आहे. कालपर्यंत तीन पापुद्रे नीट निघाले, चौथा फाटला.