आधी शपथ, मग भांडण

युवा संसद म्हणजे पोरांनी संसदेचं कामकाज करून दाखवायची शाळांची स्पर्धा. तिच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिलाच विषय असतो सदस्यांची शपथ. बहुतेक शाळा तो दोन मिनिटांत उरकतात, कारण सगळ्यांचा डोळा प्रश्नोत्तराच्या तासावर असतो. मंत्र्याला कोंडीत पकडायचं, बाकं बडवायची, सभात्याग करायचा. पोरांना गोंधळ आवडतो आणि परीक्षकांनाही, खोटं कशाला बोला. आमच्या आश्रमशाळेतही तेच झालं असतं. पण वर्ष २०२४ चं होतं. २४ आणि २५ जूनला नव्या लोकसभेचा शपथविधी झाला, आणि विदर्भातल्या शाळा उन्हापायी उशिरा उघडतात, त्यामुळे नववीची पोरं तेव्हा घरी मोबाईलला चिकटलेली होती. जुलैत वर्ग भरला तेव्हा शपथेबद्दल त्यांना बरंच काही ठाऊक होतं, फक्त ते सगळं रील्समधलं होतं.

मी केळापूर तालुक्यात इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. वर्गात बहुतेक गोंड आणि कोलाम घरची मुलं, थोडी इतर. आधी वर्गात मतदान घेतलं, आमचे खासदार निवडले. लगेच जल्लोष. मी म्हटलं, थांबा, तुम्ही अजून सभागृहात बसू शकत नाही.

"काहून? जिंकलो नं आमी!"

संविधानाचं कलम ९९ काढलं. निवडून आलेल्यानं राष्ट्रपतींपुढे, किंवा त्यांनी त्यासाठी नेमलेल्या व्यक्तीपुढे, तिसऱ्या अनुसूचीतल्या नमुन्याप्रमाणे शपथ घ्यायची आणि तिच्यावर सही करायची, मगच जागेवर बसायचं. म्हणून नव्या लोकसभेत आधी हंगामी अध्यक्ष नेमतात. २०२४ मध्ये ते भर्तृहरी महताब होते. त्यांना राष्ट्रपतींनी शपथ दिली आणि त्यांनी बाकीच्यांना. शपथ न घेता कोणी सभागृहात बसला किंवा मत दिलं, तर कलम १०४ प्रमाणे दर दिवसाला पाचशे रुपये दंड. इथं मात्र वर्ग हसला.

"पाचशेत तं आता फवारणीवालाही येत नाई, मॅडम."

खरं आहे. संविधान लिहिलं तेव्हाचा आकडा तसाच राहून गेलाय. पण शपथेशिवाय गत्यंतर नाही हे पटवायला ताजी बातमी हाताशी होती. ५ जुलैला पंजाब आणि काश्मीरमधले दोन निवडून आलेले सदस्य तुरुंगातून पोलिसांच्या पहाऱ्यात संसदेत आणले गेले आणि अध्यक्षांच्या दालनात त्यांची शपथ झाली. लाखो मतं मिळवली तरी त्या एका वाक्यासाठी त्यांना तिथवर यावंच लागलं.

मग तालीम. भोजनगृहातले दोन टेबल जोडून सभागृहाचं मेज केलं, समोर अध्यक्षांची खुर्ची. क्रम असा: महासचिव नाव पुकारतात. सदस्य जागेवरून उठून मेजापाशी येतो, निवडणुकीचं प्रमाणपत्र तिथल्या अधिकाऱ्याला देतो. हे प्रमाणपत्र म्हणजे मतमोजणी आटोपल्यावर निवडणूक निर्णय अधिकारी विजयी उमेदवाराला देतात तो नमुना २२. मग त्याला त्यानं निवडलेल्या भाषेतला शपथेचा मजकूर मिळतो. तो अध्यक्षांकडे तोंड करून वाचायचा. वाचून झालं की अध्यक्षांशी हस्तांदोलन किंवा नमस्कार, त्यांच्या खुर्चीमागून पलीकडच्या बाजूला जायचं, सदस्यांच्या नोंदवहीत सही करायची आणि मग जागेवर. पोरं आधी प्रेक्षकांकडे तोंड करून वाचत, भाषणाच्या स्पर्धेसारखी. ती सवय मोडायला बरेच तास गेले.

नोंदवहीसाठी पांढरकवड्याहून जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं. सही म्हटल्यावर अर्ध्या वर्गानं आपलं पूर्ण नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं, शुद्धलेखनाच्या वहीत लिहावं तसं. सही म्हणजे काय, ती प्रत्येक वेळी सारखी का हवी, यावर एक अख्खा तास गेला. एका मुलीनं रफ वहीचं पान भरून सही घोटली होती. पहिल्या ओळीत नुसतं नाव, मधे कुठं वेलांटीचा फटकारा लांबवलेला, शेवटी खाली दोन टिंबं. रजिस्टरवर मात्र तिनं टिंबं दिली नाहीत. का, तर "ते लहान पोरीवानी दिसते."

नावावरून पहिलं भांडण. एका मुलाला घरी आणि गावात सगळे ज्या नावानं ओळखतात ते दाखल्यावर नाही. त्याला शपथेत गावातलंच नाव हवं होतं. मी २०१९ ची गोष्ट सांगितली. भोपाळच्या प्रज्ञासिंह ठाकूर यांनी शपथ घेताना नावापुढे आपल्या गुरूंचं नाव जोडलं, विरोधकांनी हरकत घेतली, गोंधळ झाला. शेवटी प्रमाणपत्रावर काय लिहिलंय तिथंच गाडी येते. ऐकल्यावर पोरगा म्हणाला, मग प्रमाणपत्रच बदलून द्या, मॅडम. वकील होईल हा!

ईश्वराचा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा सोपा गेला. मजकुरात दोन पर्याय आहेत, 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. बौद्ध घरच्या दोघांनी लगेच दुसरा घेतला. गोंड मुलांपैकी एकानं विचारलं, ईश्वर म्हणजे आमचा फडापेन चालते का? मी म्हटलं, मजकुरात कोणाचंच नाव नाही, तुझ्या मनात कोण आहे ते तुझं. त्यानं मान डोलावली आणि ईश्वरसाक्ष शपथ घेतली. दृढकथनवाले मात्र त्या जोडाक्षरांशी आठवडाभर झटत होते.

पुढचं वाक्य दोघांना सारखंच: कायद्याद्वारे स्थापित झालेल्या भारताच्या संविधानाबद्दल खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन, भारताची सार्वभौमता व एकात्मता उन्नत राखीन, आणि हाती घेणार आहे ते कर्तव्य निष्ठापूर्वक पार पाडीन. त्यातला सार्वभौमता-एकात्मतेचा तुकडा १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीनं आला, आणि तेव्हापासून उमेदवारी अर्ज भरतानाही तशीच शपथ घ्यावी लागते. म्हणजे हरलेला उमेदवारही एकदा शपथ घेऊन झालेला असतो. हे मलाही तयारी करताना नव्यानं कळलं.

खरी लढाई घोषणांवर. जूनमध्ये टीव्हीवर पोरांनी पाहिलं होतं की शपथ संपली की जो तो आपापली घोषणा देतोय. आमच्याकडे लगेच यादी तयार: जय सेवा, जय भीम, जय श्रीराम, जय जवान जय किसान, आणि एकाची जय विदर्भ. वसतिगृहात रात्री यावरून तट पडले, अधीक्षकांनी सकाळी माझ्याकडे तक्रार केली. सुदैवानं लोकसभेतच याचा निकाल लागला होता. ओम बिर्ला लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर अध्यक्षांच्या निर्देशांत दुरुस्ती झाली: शपथेच्या मजकुराच्या आधी किंवा नंतर एकही शब्द जोडायचा नाही. मी कागद वर्गात वाचला. चेहरे उतरले.

"मंग त्यायनं काहून म्हटलं?"

"त्यांनी म्हटलं म्हणूनच नियम आला."

मला हा नियम पटतो, हे मी पोरांनाही सांगितलं. घोषणा वाईट म्हणून नव्हे. त्या वाक्यात सगळे पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचं एकसारखं बोलतात. निदान तेवढं तरी एकसारखं राहू द्यावं.

भाषेचं मात्र मला इतक्या सहज सांगता आलं नाही. शपथ हिंदीत, इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या, म्हणजे संविधानातल्या भाषांच्या यादीतल्या, कोणत्याही भाषेत घेता येते. अनुसूचीत २२ भाषा आहेत. काहींना नीलेश लंकेंसारखी इंग्रजीत घ्यायची होती. प्रचारात इंग्रजीवरून टोमणे खाल्ले, म्हणून अहमदनगरच्या या खासदारानं शपथ इंग्रजीत घेतली, ते रील सगळ्यांना पाठ. बाकीच्यांची मराठी. आणि सही घोटणारी ती मुलगी उभी राहिली, मला गोंडीत घ्यायची आहे म्हणाली. मजकूर तिनं आजोबांना विचारून गोंडीत करूनही आणला होता.

गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. २००३ च्या ब्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनं बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाली या चार भाषा आत आल्या. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८० हजार, म्हणजे बोडो आणि डोगरी या दोन्हींपेक्षा जास्त. आकडे फळ्यावर लिहिले आणि वर्ग माझ्याकडे बघत राहिला. नियम कोणी केला, का केला, बदलतो कसा, सगळं विचारून झालं. काही सहकारी म्हणाले, शाळेचाच तर कार्यक्रम आहे, घेऊ द्या की गोंडीत, परीक्षकांनाही आवडेल. माझं मन होईना. घोषणेच्या वेळी नियमावर बोट ठेवायचं आणि इथं डोळा मारायचा, हे पोरं बरोबर हेरतात.

तिलाच विचारलं. ती दोन दिवस रुसली, मग मुद्दा घेऊन आली. शपथ मराठीत घेते, पण शून्य प्रहरात, म्हणजे सदस्य तातडीचे विषय मांडतात त्या वेळेत, मला पहिला नंबर द्यायचा.

स्पर्धेच्या दिवशी शपथ व्यवस्थित झाली. प्रमाणपत्र दिलं, तोंड अध्यक्षांकडे, मागून फेरी, सही, टिंबांशिवाय. कोणी जय म्हटलं नाही, एकाचे ओठ हलले तेवढे. शून्य प्रहरात ती उठली आणि गोंडीचा आठव्या अनुसूचीत समावेश करा अशी मागणी केली. बोडो, डोगरीचे आकडे एका दमात म्हटले, शेवटचं वाक्य गोंडीत. अध्यक्ष झालेल्या पोरानं ते वाक्य कामकाजात नोंदवायचं की नाही, म्हणून महासचिवांकडे पाहिलं; महासचिवांनी माझ्याकडे पाहिलं; मी छताकडे पाहिलं.

मंत्री झालेला मुलगा स्वतः गोंड. पण बाक सत्ताधारी. त्यानं जाकीट सरळ केलं आणि ठरलेलं उत्तर दिलं, की विषय शासनाच्या विचाराधीन आहे. विरोधी बाकांवरून जो गिल्ला उठला तो तालमीत कधीच इतका जमला नव्हता. सभात्याग झाला, आणि मंत्र्याच्या मागच्या बाकावरचे दोघंही त्यात निघून गेले.